वाढदिवस सोपा, नियम क्रमांक सात अवघड

लेकीचा दुसरा वाढदिवस संक्रांतीनंतर चारच दिवसांनी होता. गेल्या वर्षी पहिल्याला आम्ही रीतसर हौस केली होती: फुग्यांची कमान, बॅनर, थर्माकोलचा एक आकडा. रात्री अकराला दोन मोठ्या काळ्या पिशव्या भरून कचरा खाली नेला, तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी हे नाही. फुगा फुटला की पोर आधी दचकून रडतं, मग रबराचा तुकडा उचलून तोंडात घालतं. पहिल्या वाढदिवसाचा अर्धा वेळ मी लोकांच्या मुलांच्या तोंडातून तुकडे काढत होते.

या वर्षी बोरन्हाण आणि वाढदिवस एकत्रच करायचा, हे सासूबाईंनी सुचवलं. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण चालतंच, मग दोनदा माणसं कशाला बोलवायची? पस्तीस माणसं, त्यात पाच वर्षांखालची बारा. मेनू ठरायला दहा मिनिटं लागली: इडली-सांबार, मसालेभात, मठ्ठा आणि केकच्या जागी गुळाचा सांजा, सोबत एक निरांजन. फुंकर मारायची नाही, औक्षण करायचं. झेंडू आदल्या पहाटे मार्केटयार्डातून दोन किलो आणला. सगळं सुरळीत.

अडलं ते ताटांवर.

आमच्या सोसायटीच्या हॉलचं भाडं 1,200 आणि डिपॉझिट 5,000. भिंतीवर लॅमिनेट केलेली नियमावली आहे. त्यातला सातवा नियम: ‘कार्यक्रमात फक्त यूज अँड थ्रो भांडी वापरावीत.’ मी फॉर्मवर ‘स्टीलची ताटं, भाड्याने’ असं लिहून दिलं आणि सेक्रेटरीकाकांनी फॉर्म तिथेच परत ढकलला.

“अहो, धुणार कुठे? मागे एकांनी मोरीत भात सांडला, लाइन चोकअप. प्लंबरला दोन दिवस लागले.”

“काका, धुवायचीच नाहीत इथे. क्रेटमध्ये भरून तशीच परत जाणार.”

“मग तसं लेखी द्या.”

लेखी दिलं. दोन दिवसांनी कळलं की अर्ज कमिटीपुढे ठेवावा लागेल. रविवारच्या मीटिंगला कोरम झाला नाही. पुढची मीटिंग वाढदिवसानंतर. मी म्हटलं, मग तिघांच्या सह्या घेऊन आणते, चालेल का? चालेल म्हणाले. खजिनदारकाकूंची सही लिफ्टमध्येच मिळाली. चेअरमनसाहेब मुलाकडे बंगळुरूला. त्यांनी व्हॉट्सअॅपवर ‘नो प्रॉब्लेम’ पाठवलं, वर अंगठा. मी तो मेसेज प्रिंट काढून नेला. “सही पाहिजे,” सेक्रेटरीकाका म्हणाले. “उद्या ऑडिटला कोण उत्तर देणार?” दोन तासांच्या बोरन्हाणाचं ऑडिट!

मधल्या काळात त्यांनी दर भेटीत एकच तोडगा सुचवला: “कागदी घ्या ना, कागदी इकोफ्रेंडलीच असतं.” म्हणून मी एकदा त्यांच्याच ऑफिसातला चहाचा कागदी कप घेतला, पाण्यात थोडा भिजवला आणि फाडला. कागद लगद्यासारखा सुटला, पण आतलं पातळ अस्तर ताणलं गेलं, तुटेना. काकांनी ते बोटात धरून दोनदा ओढून पाहिलं. “च्यायला,” म्हणाले. आणि मग, “पण नियम तो नियम.” राज्यात थर्माकोल-प्लॅस्टिकच्या ताटांवर 2018 मध्येच बंदी आली, 2022 च्या जुलैपासून तर देशभर. आमच्या नियमावलीला त्याची खबर नव्हती.

पत्रावळींचाही विचार केला होता, तेवढ्यासाठी बोहरी आळीच्या बाजारात जाऊन आले. तिथे ‘पत्रावळ’ म्हणून जे दाखवलं त्यातल्या निम्म्यांवर पानाचं नुसतं चित्र होतं, खाली तोच चकचकीत थर. तुम्ही घेणार असाल तर कोपरा फाडून बघा. पळसाच्या खऱ्या पत्रावळी मिळतात, पण सांबार घेऊन बसलेल्या दोन वर्षांच्या मुलापुढे मला काठाचं ताटच हवं होतं.

शेवटी चेअरमनसाहेब गुरुवारी रात्री परतले. कार्यक्रम शनिवारी. शुक्रवारी सकाळी पावणेसातला मी दुधाच्या पिशव्या घ्यायला आलेल्या त्यांना गेटवर गाठलं. पेन माझ्याकडे होतं, पाठ वॉचमनची. सही झाली. मला नोकरी लागली होती तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं.

म्हणून सांगते, हॉल बुक करताना पहिल्याच दिवशी नियमावलीचा फोटो काढून घ्या आणि भांड्यांचं आधी विचारा, मेनूचं नंतर. आणि भांडी भाड्याने देणाऱ्याला ‘न घासता घेता का?’ हे विचाराच. आमच्या दुकानदाराने ताट-वाटी-पेला-चमच्याच्या सेटला 10 रुपये घेतले आणि खरकटी घेण्याचे वरती 4. चाळीस सेट, 560 रुपये. ताटातलं उरलेलं आधी एका बादलीत काढलं, ते आमच्या गच्चीवरच्या खताच्या पिंपात गेलं. मोरीत थेंबभर पाणी नाही.

कार्यक्रम पाच वाजता ठेवा, पोरं झोपून उठलेली असतात. आम्ही चारला बोलावण्याच्या बेतात होतो, सासूबाईंनी वाचवलं. बोरन्हाणात बोरं, हरभरे, शेंगदाणे मी ठेवलेच नाहीत. एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकायची भीती. नुसते चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या. हलव्याचे दागिने घातले, पण बांगडी तिने पहिल्या पाच मिनिटांत चाटून संपवली. परतभेट म्हणून मातीची बोळकी दिली, संक्रांतीनंतर कुंभाराकडे उरलेली, दहा रुपयांना एक. त्यात माती आणि मेथीचे दाणे. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, तेवढा धीर लहान मुलांना असतो. भेटवस्तू आणू नका असं सांगूनही दोघांनी बॅटरीवर किंचाळणाऱ्या गाड्या आणल्या. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

जेवणाला 3,200, फुलांना 160, बोळक्यांना 150 आणि हॉल-भांडी धरून एकूण 5,270 रुपये. गेल्या वर्षी नुसत्या सजावटीचे सात हजार गेले होते. कचरा म्हणजे मुठीएवढी सुतळी.

झेंडूबद्दल मात्र एक सांगायचं राहिलं. पाकळ्या पांढऱ्या फरशीवर उधळू नका, खाली सतरंजी घाला. बारा मुलांनी त्या इतक्या मन लावून तुडवल्या की फरशीवर पिवळे डाग पडले. चूक माझी, मान्य. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः सोडा घालून फरशी घासली, डाग गेले, फोटो काढले. तरी डिपॉझिटमधून ‘साफसफाई’ म्हणून 500 रुपये कापले, ते मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. पावती मागितली आहे. लेखी.