प्लेट जांभळीच राहिली

काल संध्याकाळी ९६ वेल्सची (छोट्या खळग्यांची) प्लेट रंग मोजणाऱ्या रीडरमध्ये ठेवायच्या आधीच उत्तर कळलं. या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. प्लेट डावीकडून उजवीकडे फिकी होत जायला हवी होती. शेवटचे, सगळ्यात जास्त डोसाचे तीन रकानेसुद्धा गडद जांभळे होते. या पेशी मारण्यासाठी बनवलेलं आमचं नवं संयुग चाललं नाही.

या हट्टी पेशी मीच वाढवल्यात. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींना सहा महिने इमॅटिनिब हे औषध दिलं, डोस अगदी थोडा थोडा वाढवत. बहुतेक मेल्या, तगल्या त्या ठेवल्या. त्यांच्या जनुकात तोच कुप्रसिद्ध बदल निघाला: टी३१५आय.

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल हे कायम चालूच राहणारं प्रथिन तयार होतं. इमॅटिनिब त्याच्या खाचेत बसून ते बंद पाडतं. अमेरिकेत त्याला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी टी३१५आयसुद्धा सापडला! खाचेच्या तोंडाशी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) असतं, तिथे आयसोल्युसिन हे दुसरं येतं. बदल एवढाच. पण औषधाला धरून ठेवणारा हायड्रोजन बंध जातो, वर जागाही अडते. पुढची डॅसाटिनिब आणि निलोटिनिब ही औषधंही तिथेच अडली.

पोनॅटिनिब या औषधाची रचना मला म्हणूनच फार आवडते. त्यात कार्बन-कार्बन तिहेरी बंध घातलाय, सरळ आणि बारीक, आयसोल्युसिनला न धडकता शेजारून आत जाणारा. २०१२ मध्ये ते आलं. रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका मात्र मोठा आहे, म्हणून डॉक्टरांना ते फार जपून द्यावं लागतं. २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या ॲसिमिनिब या औषधाने तर ती खाचच सोडली. ते प्रथिनाच्या दुसऱ्याच खळग्यात बसतं.

रात्री आमच्या केमिस्ट मैत्रिणीबरोबर स्क्रीनवर आमचा रेणू कितीतरी वेळ फिरवून पाहिला. त्याचं एक टोक आयसोल्युसिनवर सरळ आपटतंय. ती म्हणाली, "इथला मिथाइल गट काढून बघू. दोन आठवडे दे मला."

दिले. तोवर या पेशी जगवायच्या आहेत, एक दिवसही न चुकता. आज सकाळी मीडिया (पेशींचा पोषक द्रव) बदलला, इमॅटिनिबचा डोस तोच ठेवला आणि सहा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या.