गाईडच्या बायकोनं पाहिलेला चीन

आमचे हे कित्येक वर्षं सिंधुदुर्ग किल्ल्यात गाईडचं काम करतात आणि मी घरी पर्यटकांची न्याहारी-जेवणं बघते. मे सरत आला की दर्या खवळतो, मालवणहून किल्ल्यात जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि मग दोन-तीन महिने आम्ही मोकळे. म्हणून चीनची सहल जूनमध्ये. कुडाळला तुतारी पकडून मुंबई, तिथून एका टूर कंपनीबरोबर बीजिंग, शीआन, गुइलिन आणि शांघाय.

‘टूरबरोबर कशाला, आपलं आपण फिरायचं,’ असं भाच्यांनी सांगून पाहिलं. पण तिथे आपले नेहमीचे गूगल नकाशे उघडत नाहीत, भाजीवालासुद्धा पैसे मोबाईलवर घेतो आणि फॉरबिडन सिटीचं, म्हणजे बीजिंगमधल्या जुन्या राजवाड्याचं, तिकीट पासपोर्ट दाखवून आधी काढून ठेवावं लागतं. आमच्या वयाला टूरच बरी. शिवाय ह्यांना दुसऱ्या देशातले गाईड काम कसं करतात ते बघायचं होतं. मलाही.

बीजिंगची गाईड तिशीच्या आतली मुलगी. फॉरबिडन सिटी १४०६ ते १४२० मध्ये बांधली, एवढं सांगून तिनं राजांची यादी बाजूला ठेवली आणि आम्हाला थेट एका मोठ्या धातूच्या हंड्यापाशी नेलं. असे तीनशेहून जास्त हंडे त्या राजवाड्यात होते. सगळं बांधकाम लाकडी, आगीची भीती सतत, म्हणून ते पाण्यानं भरून ठेवायचे आणि थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव करायचे. त्या हंड्यामुळे मला तिथे राबणारी माणसं दिसली. भर थंडीत पहाटे उठून कोणीतरी तो विस्तव पेटवत असणार. हे माझ्या कानाशी म्हणाले, “पोरगी हुशार आसा.” ते सहजासहजी कोणाला हुशार म्हणत नाहीत.

भिंत बघायला आम्हाला मुतियान्यूला नेलं, बीजिंगपासून साधारण सत्तर किलोमीटर. वर रोपवेनं जाता येतं. माझे गुडघे बघता तीच सोय होती. आणि वर पोचल्यावर ह्यांचं जे झालं ते मी अजून विसरले नाही. बाकीचे फोटो काढत होते आणि हे तटाला हात लावत चालले होते. खाली दगड, वर विटा, मध्ये चुना. “अगो, ह्यो तर आपल्योच जंग्यो!” म्हणत मारा करायच्या एका भोकातून खाली डोंगरउतारावर बघत बसले. आपल्याकडे तटावरच्या वाटेला फांजी म्हणतात, तशीच इथेही बुरुजापासून बुरुजापर्यंत वाट गेलेली. मुतियान्यूचं वेगळेपण असं की तटाच्या दोन्ही अंगांना चर्या, म्हणजे आडोशाचे दातेरी कठडे, आहेत, म्हणजे शत्रू कुठल्याही बाजूनं आला तरी मारा करता यावा.

गाईडनं सांगितलं की मिंग घराण्याच्या काळात तट बांधताना चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत. तांदळातल्या पिष्ठामुळे चुना घट्ट धरतो, हे चिनी संशोधकांनी तपासून दाखवलं आहे. “चुन्यात पेज घातल्यानी?” हे थांबलेच. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात गूळ नि हिरडा घालायचं सांगतात आणि सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलेलं आहे. ह्यांनी ते तिला त्यांच्या इंग्रजीत सांगितलं. तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. मग तिनं त्यांना सेनापती ची जिग्वांगबद्दल सांगितलं. सोळाव्या शतकात त्यानं आधी चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढाया केल्या आणि नंतर १५६८ च्या सुमाराला त्याला उत्तरेला या तटाच्या कामावर आणलं. आत पोकळ, शिपायांना राहता येईल असे बुरूज त्यानं बांधून घेतले. दर्यावरची लढाई शिकलेला माणूस डोंगरावर तट बांधतो, हे किनाऱ्यावरच्या आम्हा दोघांना फार भिडलं. टूर मॅनेजर शिट्ट्या वाजवत होता. ह्यांना तिथून हलवणं कठीण गेलं.

याच बाबतीत माझी तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. तटावर मिळाला जेमतेम दीड तास. त्याच दिवशी रेशमाच्या दुकानात आणि जेडच्या दुकानात मिळून त्याहून जास्त वेळ गेला. टूर स्वस्त पडावी म्हणून असे थांबे ठेवतात, हे मला धंद्यामुळे कळतं. तरी इतक्या लांब गेलेल्या माणसाला तटावर उभं राहू द्यायला हवं. टूर ठरवताना कार्यक्रमपत्रिकेतले दुकानांचे थांबे आधी मोजा, मग पैसे भरा.

शीआनला वेगवान रेल्वेनं गेलो. डब्यात गरम पाण्याचा नळ असतो, चिनी माणसं दिवसभर गरम पाणीच पितात. माझ्या चहाची सोय झाली. जुन्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. मी सांगेन ते विहिरीचं. १९७४ च्या मार्चमध्ये दुष्काळामुळे काही शेतकरी विहीर खणत होते आणि त्यांच्या कुदळीला मातीची माणसं लागली. पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. सैनिकांवर मुळात रंग होता, पण माती काढल्यावर हवा लागून तो सुटत गेला. सम्राटाची खरी कबर अजून उघडलेली नाही. ते ऐकून मला बरं वाटलं. सगळंच आत्ता उकरायची घाई कशाला.

पण शीआनमधलं माझं ठिकाण वेगळं. मोठा हंस पॅगोडा. इ. स. ६५२ मध्ये तो बांधला गेला, युआन श्वांग या चिनी भिक्षूनं भारतातून नेलेले ग्रंथ आणि मूर्ती जपायला. समोर त्याचा उंच पुतळा आहे. शाळेच्या पुस्तकातला हा माणूस पुलकेशीच्या राज्यात आला होता. महाराष्ट्रातले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्याच्या वर्णनात कोंकणपूर नावाचं ठिकाणही येतं. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण नाव तर आहे! “हो आपल्याकडे येवन गेलेलो,” हे म्हणाले आणि पुतळ्याला नमस्कार केला. मीही केला. मग ह्यांनी अख्ख्या ग्रुपला, नागपूरच्या दोन कुटुंबांसकट, तिथेच उभं करून युआन श्वांग सांगितला. स्थानिक गाईड बाजूला उभा राहून ऐकत होता. इतक्या वर्षांत मी ह्यांना इतकं छान बोलताना ऐकलं नव्हतं.

गुइलिनला ली नदीतून बोटीनं यांगश्वोला गेलो, चारेक तास. पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर. काठावर पाणकावळे घेतलेले म्हातारे कोळी बसलेले असतात. पूर्वी पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधून, त्याला मोठा मासा गिळता येऊ नये अशा बेतानं मासेमारी करत. आता ते बहुतेक फोटोचे पैसे घेतात. ह्यांनी एकाला पैसे दिले आणि फोटो न काढता त्याच्याजवळ बसून राहिले. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाही आता कडेनं मोबाईल असतातच.

जेवण टूरवाले रोज भारतीय हॉटेलात द्यायचे, डाळ-भात-पनीर. शाकाहारी मंडळींची सोय व्हायलाच हवी, त्याबद्दल काही नाही. पण यांगश्वोत आम्ही दोघं मॅनेजरला सांगून बाहेर पडलो आणि तिथला बिअरमध्ये शिजवलेला मासा खाल्ला. टोमॅटो, मिरची, आलं, लसूण. मासा नदीचा असूनही चव अशी की मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बघून आले.

शांघायला आमच्या मिरगासारखाच पाऊस लागला. तिकडे प्लम पिकायच्या दिवसांतला पाऊस म्हणतात त्याला, जूनच्या मध्यापासून असतो. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर अर्ध्यावर ढगात गेला होता. बंडवर, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या रस्त्यावर, छत्री धरून फिरलो, बाकी शहर फार चकचकीत.

एक राहिलं. बीजिंगच्या गाईडला महाराष्ट्र म्हटल्यावर तिनं लगेच डॉ. कोटणिसांचं चिनी नाव घेतलं, ख दिह्वा. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारला. त्यांचं स्मारक शिज्याच्वांगला आहे, बीजिंगपासून वेगवान रेल्वेनं साधारण तासाभरावर. महाराष्ट्रातून निघणाऱ्या आमच्या टूरमध्ये ते नव्हतं. परत आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं: जेडचं दुकान काढा, शिज्याच्वांग घाला. अजून उत्तर नाही. तुम्हीही टूर ठरवताना हेच मागा. चार जणांनी मागितलं तर घालतील. आणि पुढल्या जूनमध्ये कोणी त्या बाजूला निघणार असेल तर आम्हा दोघांना कळवा, आम्ही येतो.