मावशीच्या गावाला जाताना शेवटचे साठ किलोमीटर

मोठा रस्ता सोडून आत वळलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. १८० किलोमीटर तीन तासांत झाले होते, ६० राहिले होते. दहाला पोचतो, असं मावशीला फोन करून सांगितलं. पोचलो साडेअकराला. तोवर तिने फाटकापर्यंत चार खेपा घातल्या होत्या. लहान गावाकडे गाडीने निघणाऱ्यांनी माझ्यासारखा हिशेब करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आतल्या रस्त्याला ताशी ४० पेक्षा जास्त सरासरी धरू नका, आणि वर अर्धा तास हातात ठेवा.

पहिला खोळंबा ट्रॅक्टरचा. मागे भरलेली ट्रॉली, वेग २५ च्या आसपास. मी त्याच्या अगदी पाठीला लागलो आणि त्यामुळेच पुढचं काही दिसेना. अंतर वाढवल्यावर वळणापलीकडचा रस्ताही दिसायला लागला. ओव्हरटेक करायचा मोह होतो, पण आधी आकडे बघा. आपण ६० ने आणि ट्रॅक्टर २५ ने चालला असेल, तर वेगातला फरक सेकंदाला जेमतेम १० मीटर. ट्रॉलीची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर धरून ५० मीटर कापायचे, म्हणजे पाच सेकंद. तेवढ्यात आपण ८० मीटरहून पुढे जातो आणि समोरून ६० ने येणारी गाडीही तितकीच जवळ येते. निदान १७० मीटर रस्ता मोकळा हवा. त्यात चुकीला जागा धरलेलीच नाही, म्हणून मी तरी अडीचशे-तीनशे मीटर स्वच्छ दिसल्याशिवाय बाहेर पडत नाही.

त्यात ट्रॅक्टर कधीही शेतात वळू शकतो. ट्रॉलीतल्या मालाआड इंडिकेटर झाकलेला असतो, कधी लावलेलाच नसतो. पुढे शेताचं फाटक किंवा पायवाट फुटताना दिसली की थांबलेलं बरं. आमचा ट्रॅक्टर चार किलोमीटरनंतर रुंद जागा बघून स्वतःहून कडेला झाला आणि चालवणाऱ्याने हात केला. हात दिसला तरी समोरचा रस्ता आपण स्वतः बघूनच पुढे जायचं. मागे राहून आमची किती मिनिटं गेली? साडेपाच. तेवढ्यासाठी मी मनातून केवढा चडफडलो होतो!

दुसरा खोळंबा नकाशाने घडवला. फोनने जवळची वाट दाखवली, सहा किलोमीटर वाचणार होते. वाट आधी डांबरी, मग खडीची, मग दोन चाकोऱ्या आणि मधे गुडघाभर गवत. अशा वाटेवर गाडी वळवायलाही जागा नसते. आम्ही ८०० मीटर रिव्हर्समध्ये आलो, बायको मागे चालत दिशा दाखवत होती. नकाशाला अंतर माहीत असतं, पण परवाच्या पावसाने रस्त्याचं काय झालं हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. वाट बारीक व्हायला लागली की पहिल्या रुंद जागीच वळवा. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. उपग्रहावरून आपली जागा कळायला मोबाईलची रेंज लागत नाही, रेंज लागते ती नकाशा दिसायला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पंक्चरने, जवळजवळ पाऊण तास. चाक बदलायला एरवी पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण आमच्या दोन गोष्टी चुकल्या होत्या. एक म्हणजे नट हलेनात. मागच्या सर्व्हिसिंगला ते हवेच्या गनने इतके आवळले होते की गाडीबरोबर मिळणाऱ्या आखूड पान्याने काही होईना. दुसरं, स्टेपनीत हवाच नव्हती. वर्षभरात मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. दुचाकीवरून जाणारे एक गृहस्थ न बोलावता थांबले. हातभर लांबीचा लोखंडी पाइप आणि पायाचा पंप घेऊन दहा मिनिटांत परत आले. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवल्याबरोबर नट सुटले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नावही न सांगता निघून गेले.

तेव्हापासून तो पाइप, १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप आणि एक जाड फळी डिकीत कायम असते. फळी जॅकखाली ठेवायला लागते, मातीच्या कडेवर नुसता जॅक रुततो. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग गाडी उचलायची. परत बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालली की ते पुन्हा एकदा बघायचे. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर साधारणपणे ८० च्या वर जायचं नाही. नक्की आकडा चाकावर लिहिलेला असतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर तो तिथेच ओढून काढू नका. बऱ्याचदा तोच भोक बुजवून धरतो, आणि हवा भरून हळूहळू दुकानापर्यंत जाता येतं.

गावात मुख्य रस्ता एकच आहे. त्यावरच माल उतरवणारा ट्रक, बस आणि मुलांना सोडायला आलेल्या गाड्या. दोन गाड्या समोरासमोर थांबतात, काचा खाली होतात आणि बोलणं सुरू होतं. पहिल्या दिवशी मी हॉर्न वाजवला. मावशी म्हणाली, "अरे, वाजवू नकोस. त्याची आई दवाखान्यात आहे, ती कशी आहे ते विचारतोय." नंतर चार दिवसांत मी हॉर्नला हात लावला नाही. शाळा भरायची आणि सुटायची वेळ टाळली तर तो रस्ता दोन मिनिटांत पार होतो. पेट्रोल पंप रात्री बंद असतो, म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घेणं चांगलं.

खरा त्रास मात्र गावात राहणाऱ्यांना आहे, आणि तो पाहुण्यांना दिसत नाही. बस दिवसातून दोनदा. दवाखाना, बँक, सरकारी काम, सगळ्याला गाडी लागते. गॅरेजवाला हुशार आहे, पण पार्ट मोठ्या शहरातून येतो. मावशीची गाडी एका बेअरिंगसाठी पाच दिवस उभी होती, आणि तेवढे दिवस ती घरातच अडकली होती. मावशी ७२ वर्षांची आहे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि काही सेकंद काहीच दिसत नाही, असं तिने मला हळूच सांगितलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं, त्यामुळे प्रकाश डोळ्यात फाकतो, आणि दिपलेली नजर पूर्ववत व्हायलाही जास्त वेळ लागतो. तरी ती चालवते. न चालवून करणार काय? डोळे तपासून घे, एवढं कबूल करून घेतलंय.

रात्री तिच्याबरोबर गेलो तेव्हा मलाही तो रस्ता सोपा वाटला नाही. डिपर लावला की ४०-६० मीटरपलीकडे फारसं दिसत नाही. ८० च्या वेगाला ब्रेक लावायचं सुचेपर्यंतच तीसेक मीटर जातात, आणि थांबायला तितकेच आणखी. तेव्हा डिपरवर ५० पुरे, आणि पाऊस असेल तर त्याहून कमी. रस्त्यात दोन ठिपके चमकले तर ते जनावराचे डोळे समजायचे. एक जनावर ओलांडून गेलं तरी लगेच वेग वाढवायचा नाही, कळपातली बाकीची मागे असतात. काच आतूनही पुसा. आतला तेलकट थर दिवसा लक्षात येत नाही, पण समोरून दिवे आले की सगळं धुरकट होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मावशीची डिकी उघडली. तिच्याही स्टेपनीत हवा नव्हतीच. गॅरेजमधून भरून आणली, चाकाचे नट एकेक सैल करून तिला झेपतील इतके, पण पक्के आवळले, आणि लांब दांड्याचा पाना तिच्याकडे ठेवला. मग अंगणातच तिच्याकडून एकदा चाक बदलून घेतलं. तिला बत्तीस मिनिटं लागली. मी फक्त चाक उचलायला हात लावला.

परतताना शाळा भरल्यावर, साडेनऊला निघालो. साठ किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं लागली, आणि मोठ्या रस्त्याला लागण्याआधी थांबून मी मावशीला फोन केला.