तिला परत का पळवलीत? तुम्ही विचारलंत म्हणून

गेली सात वर्षं हा प्रश्न माझ्या मागे आहे. आमची रेसची घोडी पळता पळता जखमी झाली त्या रविवारी जे पुण्याला रेसकोर्सवर होते ते सरळ विचारतात, "पाय एकदा गेलेला होता ना? मग परत का पळवलीत?" जे नव्हते ते चाचरत विचारतात, "पडदा लावला होता म्हणे. गोळी घातली का हो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही घातली. हल्ली गोळी घालत नाहीत, वेळ आलीच तर इंजेक्शन देतात, आणि तेही तिला द्यावं लागलं नाही. जखमी घोड्याभोवती पडदा धरतात तो गर्दीनं बघत उभं राहू नये आणि डॉक्टरांना शांतपणे पाय तपासता यावा म्हणून. पडदा लागला म्हणजे जनावर संपलं असं नसतं. आमची घोडी त्या पडद्याआडून तीन पायांवर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली. लगाम माझ्या हातात होता. ती आजही जिवंत आहे.

पहिल्या प्रश्नाला मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो: मला काय विचारता? मी तिचा मालक नव्हतो, ट्रेनर नव्हतो, जॉकीही नव्हतो. रोज पहाटे तिला ट्रॅकवर काढणारा रायडर होतो. कुठल्या रेसमध्ये उतरवायचं हे मालक आणि ट्रेनर ठरवतात, पाय कसा आहे ते डॉक्टर सांगतात. यातलं काही खोटं नाही. पण जॉकी तिच्या पाठीवर रेसपुरता दीड मिनिट बसायचा आणि मी वर्षातले तीनशे दिवस, हेही खोटं नाही.

कागदावरचं तिचं नाव भारदस्त होतं. पागेत तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण चंदी खाताना ती तोंड भरून घास घ्यायची नाही, दाणे टिपल्यासारखी खायची. तीन वर्षांची असताना पुण्यात १२०० मीटरची पहिलीच रेस तिनं मारली. त्याच हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर आणखी दोन. मालकांना लगेच डर्बी, म्हणजे सगळ्यात मानाची रेस, दिसायला लागली. १९४३ सालची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीनं जिंकली होती, हे ते भेटेल त्याला सांगायचे. डर्बी २४०० मीटरची. चिमणीचा दम १४०० च्या पुढे नाही हे मला पाठीवर बसून कळत होतं आणि तेवढं मी बोललोही होतो. म्हणजे मला बोलता येत होतं. हे लक्षात ठेवा.

चार वर्षांची असताना मार्चमध्ये एका सकाळी गॅलपनंतर तिचा पुढचा डावा पाय सुजला. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, कातडी आणि मधले चिवट दोर, ज्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात. साडेचारशे किलोचं जनावर भरधाव सुटतं तेव्हा हा टेंडन जवळजवळ तुटेपर्यंत ताणला जातो आणि आतून ४५ अंशांपर्यंत तापतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या रेघांच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. तेवढा भाग आतून फाटला होता. तो भरून येतो, पण भरतो तो व्रणासारखा. पहिली लवचीकता येत नाही, आणि पुन्हा फाटण्याची भीती कायमची राहते.

सतरा महिने ती रेसमध्ये नव्हती. आधी नुसती थानावर, मग हातात धरून चालणं, मग दुडकी, मग हळूहळू कँटर, म्हणजे संथ धाव. तिची देखभाल करणाऱ्या सईस मामांनी दिवसातून तीन वेळा त्या पायावर गार पाण्याची धार धरली. शेवटची सोनोग्राफी रेसच्या तीन आठवडे आधीची. काळं काही दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही. त्यात इतके दिवस न पळाल्यामुळे तिचं रेटिंग उतरलं होतं, पुण्याची १४०० मीटरची रेस समोर होती आणि पाठीवर न्यायचं वजन फक्त साडेएक्कावन्न किलो. रेटिंग उतरलं की वजन कमी, आणि वजन कमी म्हणजे जिंकायची संधी जास्त. रेसवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता त्या गुरुवारबद्दल.

रात्रभर पाऊस पडला होता. साडेपाचला मी पागेत गेलो तेव्हा मामा तिच्या पुढच्या पायांशी उकिडवे बसले होते, दोन्ही हातांत दोन पाय धरून. पट्ट्या नुकत्या सोडल्या होत्या. मला म्हणाले, "हात लाव रे जरा. डावा कोमट लागतोय का बघ."

मी हात लावला. कोमट होता. ताप म्हणावा इतका नाही. चहाचा रिकामा कप हातात धरल्यावर लागतो, तेवढाच.

"मामा, रात्रभर पट्टी होती. पट्टीनं ऊब येणारच."

"पट्टी उजव्यालाही होती," मामा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. उठले आणि खोगीर आणायला गेले.

त्या दिवशी ६०० मीटर जरा जोरात काढायची होती. घोडा वळणावर आतल्या बाजूचा पाय पुढे टाकत पळतो आणि सरळ पट्ट्यात आला की पाय बदलतो, बाहेरचा पुढे घेतो. चिमणीला हे कधी सांगावं लागलं नाही. वळण संपलं की पाठीखाली एक हलका हेलकावा यायचा, होडीला लाट लागावी तसा, आणि ती खरी सुटायची. त्या सकाळी वळण संपलं आणि हेलकावा आला नाही. मी वजन सरकवून पाहिलं, लगाम किंचित वळवून पाहिला. कितीतरी ढांगा ती त्याच पायावर राहिली. मग बदलला, आणि छान पळाली. वेळही चांगली आली.

उतरल्यावर ट्रेनरसाहेबांनी विचारलं, "कशी वाटली?"

मी म्हणालो, "ठीक आहे साहेब. चिखल होता, जरा जड पळाली."

माझं उत्तर एवढंच. पाय उशिरा बदलला हे सांगितलं नाही. कोमट पायाचंही सांगितलं नाही. का सांगितलं नाही यावर मी स्वतःशी बरंच भांडलोय. मला खरंच चिखल वाटला होता का? वाटला होता. ओल्या ट्रॅकवर चांगले घोडेही पाय उशिरा बदलतात. सोनोग्राफी साफ असताना रायडरच्या 'वाटण्या'ला कोण किंमत देणार, असंही वाटलं. आणि ती परत पळावी असं मलाही वाटत होतं, हेही त्यात होतं. सतरा महिने मी तिला चालवलं होतं. पागेत माझी ओळखच 'चिमणीवाला' अशी झाली होती.

रविवारी रेसआधी डॉक्टरांनी तिला दुडकी चालवून पाहिलं. लंगडत नव्हती. गेटमध्ये शांत गेली. मी आणि मामा शेवटच्या २०० मीटरजवळ रेलिंगला उभे होतो. वळणावर ती तिसरी होती. सरळीत आली, पाय बदलला, लगेच बदलला, आणि माझ्या तोंडून "बघा मामा" निघालं. पुढच्याची बरोबरी केली. आमच्यासमोरून जाताना तिचं डोकं एकदम वर झालं. जॉकीनं दोन्ही हातांनी लगाम खेचला, ती थांबता थांबता त्यानं उडी टाकली. मी रेलिंगखालून धावलो. खुराच्या वरचा सांधा जमिनीला टेकत होता. ती पाय उचलायची, परत टेकवून बघायची, परत उचलायची. ओरडत नव्हती. घोडे ओरडत नाहीत. घामानं काळी झाली होती आणि कान माझ्याकडे होते.

नंतर बरीच वर्षं मी लोकांना सांगायचो, "तिलाच पळायचं होतं." त्या वेळच्या मला मी आज विचारतो, तुला कसं कळलं? ट्रॅक दिसला की ती लगाम ओढायची, खरं आहे. पण टेंडनला किती ताण सोसवेल हे तिला कुठून कळणार? ते मला कळायला हवं होतं. तिनं तिच्या परीनं गुरुवारी सांगितलं होतं.

तो तेव्हाचा मीही गप्प बसत नाही. तो म्हणतो, समज, सांगितलं असतंस. साहेबांनी आणखी एक सोनोग्राफी केली असती. तीही साफ आली असती तर? पळवलीच असती. आणि नसती पळवली तर पाचव्या वर्षी, पाय गेलेली, साधारण रक्ताची घोडी गेली कुठे असती? कुणा राइडिंग क्लबात, नाहीतर लग्नाच्या वरातीत, बँडच्या आवाजात. न पळणाऱ्या रेसच्या घोड्याला जागा किती उरते, हेही प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा बघावं. त्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याचं पटतं असंही नाही.

मालकांनी तिला शिरूरकडे आपल्या शेतावर नेलं. डर्बीची बात करणारा हा माणूस गेली सात वर्षं तिचा दाणापाणी करतोय, हेही कुणीतरी विचारायला हवं होतं. दिवाळीत मी जाऊन आलो. चालते, धावत नाही. डावा पाय मागून केळ्यासारखा फुगीर राहिला आहे. मी खाली बसलो आणि मामा धरायचे तसे दोन्ही पाय दोन हातांत धरले. दोन्ही गार होते.

मालक चहा घेऊन आले. म्हणाले, "नशीब तिचं, दुसरं काय." गुरुवारचं त्यांना माहीत नाही. सांगायला म्हणूनच गेलो होतो. चहा घेतला आणि एसटी पकडली. आता इथे लिहिलंय, म्हणजे त्यांच्यापर्यंत जाईलच. त्याआधी आज रात्री फोन करतो.