तुम्ही विचारलंत म्हणून: हा दगड कधीकाळी जिवंत होता, हे कशावरून?

आमच्या बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर दोन दगड आहेत. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे घरी येणाऱ्यांत जुने विद्यार्थीच जास्त. चहा पिता पिता नजर कपाटाकडे जाते. मी सांगतो, डावीकडचा दगड जीवाश्म आहे, शंभर कोटी वर्षांहून जुना. की लगेच प्रश्न येतो, "कशावरून ओ सर?"

हा प्रश्न मला फार आवडतो. म्हणून आज जरा निवांत उत्तर देतो.

आधी दगड बघा. मुठीएवढा, राखाडी, एका बाजूने कापलेला. कोरडा असताना त्यात बघण्यासारखं काही नाही. ओलं फडकं फिरवलं की रेषा उठतात. एकावर एक, कमानीसारख्या वर फुगलेल्या, कांदा उभा चिरल्यावर दिसतात तशा. लोकापूरकडे रस्त्याच्या कडेला फोडलेल्या दगडांचा ढीग होता, त्यातून मी तो उचलला. तिथल्या कलादगी गट नावाच्या फार जुन्या खडकांत असे दगड आहेत. नाव स्ट्रोमॅटोलाइट.

यात हाड नाही, शिंपला नाही, पानही नाही. मग जीवाश्म कसला? पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर चढतो ना, ज्यावरून पाय घसरतो, तसाच थर उथळ समुद्राच्या तळाशी पसरलेला डोळ्यांसमोर आणा. तो सूक्ष्म जिवाणूंचा. त्यांचा चिकट पदर वाहत्या पाण्यातले बारीक कण धरून ठेवतो. ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे चुनाही तिथंच साका धरतो. कणांखाली गाडले गेलो तर उजेड मिळणार नाही, म्हणून जिवाणू वर सरकतात आणि नवा पदर विणतात. पुन्हा कण, पुन्हा चुना, पुन्हा वर. जीव मरून गेले, त्यांनी रचलेलं घर तेवढं उरलं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाच्या खाडीत अशी घरं आजही वाढताहेत, वर्षाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. तिथलं पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट, त्यामुळे हा थर चरून खाणाऱ्या गोगलगाई तिथं फारशा टिकत नाहीत.

पण थर तर बंबातही धरतो. तिथं कुठला जीव आहे? एका मुलीने मला वर्गात नेमकं हेच विचारलं होतं, आणि त्या दिवशी माझ्याकडे पुरं उत्तर नव्हतं. आता आहे. नुसते थर पुरत नाहीत. कमानीच्या माथ्यावर थर जाड आणि उतारावर पातळ आहे का, हे बघायचं, कारण माथ्यावर उजेड जास्त. उतार इतका उभा आहे का की सुटे कण घरंगळून जायला हवेत, तरी ते चिकटून राहिलेत? रेषा आखल्यासारख्या सरळ नसून सुरकुतलेल्या आहेत का? अशा चारपाच खुणा एकत्र जुळल्या, तरच जीव म्हणायचं.

उजवीकडचा दगड याचसाठी ठेवलाय. तो शहाबादी फरशीचा तुकडा. त्यावर नेच्याची नाजूक काळी नक्षी आहे, प्रत्येक फांदीला उपफांदी. हा वनस्पतीचा जीवाश्म म्हणून मी सात-आठ वर्षं मुलांना दाखवला. नंतर कळलं की दगडाच्या भेगेत मॅंगनीजचं पाणी झिरपून तशी नक्षी उमटते, त्यात वनस्पतीचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा वर्गात नेला आणि मी चुकीचं शिकवलं हे सांगितलं. आधीच्या वर्गांतली मुलं भेटली की त्यांनाही सांगतो. काहींना अजून सांगायचं राहिलंय, आणि ते मला टोचतं.

या बाबतीत मोठमोठे अभ्यासकही चुकतात. भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा ठसा सापडला, असं 2021 मध्ये जाहीर झालं. दोन वर्षांत कळलं की तो पडून गेलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग होता. ज्यांनी शोध लावला होता त्यांनी चूक कबूल केली, याचं मला विशेष वाटतं. ग्रीनलंडमधल्या 370 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट असल्याचं 2016 मध्ये सांगितलं गेलं. दोन वर्षांनी दुसऱ्यांनी तोच खडक वेगळ्या बाजूने बघितला आणि त्यातले टोकदार उंचवटे जिवाणूंचे नसून दाबाने खडकाला पडलेल्या घड्या आहेत असं मांडलं. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले 348 कोटी वर्षांपूर्वीचे मात्र बहुतेकांना मान्य आहेत. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी. म्हणजे जीव फार लवकर आला.

"आपल्या बेळगावात का सापडत नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. शहराच्या आजूबाजूला खणलं की जांभा लागतो, नाहीतर काळा पाषाण. तो पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि तापलेल्या लाव्ह्यात काय टिकणार? घटप्रभेच्या काठाने पूर्वेला गोकाककडे गेलात की लाव्ह्याखालचे जुने खडक उघडे पडतात. गोकाकजवळच भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याच्या जातीची हाडं मिळाली होती. 1874 मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. गोकाकला गेंडा! मुलांना हे सांगितलं की वर्गात एकदम गलका व्हायचा. तो गेंडा मात्र माझ्या दगडापुढे अगदी कालचा.

लोंढ्यावरून वास्कोकडे लोहखनिजाच्या वाघिणी जाताना आमची मुलं डबे मोजायची. होसपेट-संडूरकडचं ते खनिज ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकांतून आलं, ते मुळात प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेलं लोखंड. पाण्यात विरघळलेलं लोखंड खाली बसवण्यात सूक्ष्मजीवांचा हात होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी या जिवाणूंनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साठू लागला. मी हे बोलताना जो श्वास घेतो, त्याची सुरुवात त्या बुळबुळीत थरातून झाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आणि पहिला जीव कसा झाला? ते माझा दगड सांगत नाही. त्यातले जिवाणू तोवर चांगलेच मुरलेले होते. 1953 मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी काचेच्या नळ्यांत पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन भरून विजेच्या ठिणग्या पाडल्या, आणि अमिनो आम्लं तयार झाली. प्रथिनांच्या विटा मिळाल्या. पण विटा म्हणजे घर नव्हे. ते घर कसं उभं राहिलं हे अजून शोधलं जातंय. कुणी समुद्रतळाच्या गरम झऱ्यांकडे बोट दाखवतं, कुणी जमिनीवरच्या उथळ डबक्यांकडे. तुमच्यापैकी कुणाचं पोर या कामाला लागलं, तर मला फार आनंद होईल.

गोकाक, मुडलगी, लोकापूरकडे कुणाचं शेत असेल, कुणाची सासुरवाडी असेल, तर बांधावरचे फुटके दगड पाणी मारून बघत जा. कमानी दिसल्या तर हातोडा चालवू नका. खडकात बसलेला असेल तर तिथंच राहू द्या, फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. सुटा असेल तर घेऊन या, आणि कुठल्या शेतातला, वर कुठली बाजू होती, ते चिठ्ठीवर लिहायला विसरू नका. मी दुपारी चारनंतर घरीच असतो.