तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा वॉर्डात आणि माझ्या कानात गाणी

लग्नात, तेरवीला, बसस्टँडवर, कुठंही गावचं माणूस भेटलं की बोलणं फिरून फिरून तिथंच येतं. "२०१७ ले तुह्या बाबाले खाटेले बांधून ठेवलं होतं, तवा तू म्हणे कानात बोंडं घालून बसला होता. खरं हाय का?" खरं आहे. यावर कोणी "काय ऐकत होता?" असं विचारलं असतं तर मी हौसेनं सांगितलं असतं. पण पुढचा प्रश्न कायम "काहून?" हाच. आता दोन्ही एकदाच सांगून टाकतो.

आयसिस या अमेरिकी बँडचा 'ओशनिक' हा दुसरा स्टुडिओ अल्बम, २००२ चा. (नाव ऐकून दचकू नका. बँड १९९७ चा, बोस्टनचा, आणि २०१० मध्ये मोडलासुद्धा.) हॉस्टेलवर असताना मला तो आवडला नव्हता. त्यांचा पहिला, 'सेलेस्टियल', जास्त जड आणि जास्त आडदांड. 'ओशनिक'मध्ये मोकळ्या जागा फार, गिटारी रेंगाळतात, मधूनच एका बाईचा साधा, स्वच्छ आवाज येतो, मारिया क्रिस्टोफरचा. "बँड मऊ पडला," असं मी रूमपार्टनरला ठणकावून सांगायचो. हॉस्टेलवरच्या त्या माझ्याशीच मी अजूनही भांडतो, पण तो साफ चुकत होता असंही म्हणवत नाही. अल्बम मऊ आहेच.

गोष्ट त्यात अशी की एक माणूस प्रेमात फसवला जातो आणि शेवटी पाण्यात जीव देतो. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीनं विषबाधा झालेल्या माणसांच्या वॉर्डात, मी मरणाची गाणी ऐकत होतो. आत्याला हे कळलं नाही ते बरं झालं. गाणारा ॲरन टर्नर असा गुरगुरतो की शब्द कळतच नाहीत, अशी पळवाट मी काही दिवस वापरून पाहिली. पण गोष्ट मला आधीच माहीत होती.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. नळी वर धरून फवारायचं आणि औषध तोंडावर घ्यायचं. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, ते तुम्हाला सांगायला नको. बाबांना ॲट्रोपिन चालू होतं. त्यानं विष उतरतं, पण माणूस भ्रमात जातो. बुबुळं मोठी झालेली, जीभ कोरडी, आणि हात सारखे हवेत, नळी धरल्यासारखे. सलाईन उपसून टाकतील म्हणून सिस्टरनं दोन्ही मनगटं बँडेजपट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधली. "गाठीत तुमचं एक बोट शिरलं पाहिजे, बघत जा," म्हणाली. मी रात्रभर तेच बघत होतो. बाबा ओढायचे, गाठ आवळायची, मी बोट घालून सैल करायचो. "सोड ना बे, ढोरं घुसले वावरात," असं ते मलाच म्हणत होते. मी कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

एका कानात इअरफोन होता. एकाच. दुसरा कान त्यांच्यासाठी मोकळा होता, हे कोणी सांगत नाही. 'वेट' (म्हणजे वजन) नावाचं त्यातलं गाणं चालू होतं, पावणेअकरा मिनिटांचं. थोडेसेच सूर पुन्हा पुन्हा येतात, हळूहळू वर थर चढत जातात, घाई अजिबात नाही. पहाटे आत्या डबा घेऊन आली आणि तिला वायर दिसली. "बाप मरून राह्यला अन् तुले गाणे सुचून राह्यले?" सगळ्या वॉर्डानं ऐकलं. बाजूच्या खाटेवरचे काका रात्रीतून गेले होते, त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. आत्याचं बोलणं मी पचवलं, ते पाहणं नाही.

पुढं वर्षभर मी मित्रांना सांगत सुटलो की त्या अल्बमनं मला तारलं. कसलं तारलं! बाबांना तारलं ॲट्रोपिननं आणि त्या सिस्टरनं. मी बरं वाटावं म्हणूनही ऐकत नव्हतो. वॉर्डात जो येई तो "होईल सगळं नीट" म्हणून जाई, आणि त्या गाण्यात असं म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून ऐकत होतो. आज तरी असं वाटतं. नाहीतर मी फक्त भ्यालो होतो, आणि काकांची घरघर निदान एका कानानं तरी ऐकू येऊ नये एवढंच हवं होतं. तेही असेल.

बाबा घरी आले. उन्हात अजून डोळे चोळतात. एकदा जागलीला गेलो असताना स्वतःच म्हणाले, "आण बरं, काय आयकत होता." मी 'वेट'च लावलं. चारपाच मिनिटं गप्प बसले आणि इअरफोन काढून हातात दिला. "मोटर सुरू व्हाले लय वेळ घेऊन राह्यली याची," म्हणाले. मी हसलो, तेही हसले. त्यांना राग नाही असं मी धरून चाललो.

आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याले काय इचारतं? तो तं शुद्धीवरच नव्हता. त्या बाईले जाऊन इचार." त्या काकूंचं गाव मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.