पडवीतून दिसलेलं संग्रहालय

सकाळी पडवीत आबांना चहा देत होते, तेवढ्यात पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्जला असते. तिथे संध्याकाळ झालेली. २०२० साली उघडलेलं ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक संग्रहालय त्यांच्या शहरात आहे, आणि हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने तिथे आसपासची माणसं जमली होती.

तिने फोन फिरवून सगळं दाखवलं. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि मग उतरत्या वाटेने, एकही पायरी न लागता, हळूहळू खाली यायचं. व्हीलचेअरवरची माणसं इतरांच्या बरोबरीने, त्याच वाटेने येत होती. वेगळं दार नाही, मागची बाजू नाही. मी बराच वेळ तेच बघत राहिले. पाय गेल्यापासून आबा आमच्या पाच पायऱ्या उतरलेले नाहीत, आणि देवगडात घर म्हटलं की चढण आलीच.

कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड घसरवत नेण्याचा खेळ; त्याचा दगडही आबांना समजावला. वीसेक किलोचा, स्कॉटलंडच्या बेटावरचा ग्रॅनाइट. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून आमच्या जांभ्याच्या गडग्याला लावला.

आपल्या भारताचा शिवा केशवन हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर चाकं लावलेल्या घसरगाडीवर सराव करायचा आणि सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला, हे सांगितल्यावर मात्र आबा ताठ बसले.

"बाय, माझो कबड्डीचो कप काढ. तिका दाखव."

कप माळ्यावर होता. दुपारी चिंच लावून घासला. आता पडवीतल्या कोनाड्यात ठेवलाय, आबांच्या हाताला येईल असा.